कमरेचं पिस्तूल आणि ‘लॉक’

मेकॅनिकलचा विद्यार्थी सुट्टीत घरी गेला की गावाच्या लेखी तो मिस्त्री असतो. घरचा कूलर, शेजाऱ्यांचा मिक्सर, मामाच्या बोअरवेलची मोटर, सगळं त्यालाच दाखवायचं. ‘इंजिनिअरिंगले हाये ना तू, मंग पाह्य बरं’ हे वाक्य मोहाडीत मी इतक्यांदा ऐकलंय की आता घरी जातानाच टेस्टर आणि पेचकस बॅगेत टाकतो. पण गेल्या उन्हाळ्यात जी वस्तू समोर आली, तिच्याबद्दल मला काही म्हणजे काही सांगता आलं नाही. हा लेख त्याच नामुष्कीतून लिहिलाय.

झालं असं की मोहाडी तालुक्यातल्याच एका गावात नात्यातलं लग्न होतं. वरात निघाली, डीजे सुरू झाला, पोट्टे नाचायला लागले. नवरदेवाकडचे एक पाहुणे पांढऱ्या कपड्यात, कमरेला पट्ट्यात खोचलेलं रिव्हॉल्वर, शर्ट मुद्दाम थोडा वर. लोक बघत होते आणि पाहुण्यांना ते कळत होतं. दोन-तीन जणांनी त्यांच्यासोबत फोटोही काढले. गाणं बदललं, पाहुणे जरा जोरात वाकले आणि रिव्हॉल्वर सटकून सिमेंट रस्त्यावर पडलं. खण्णकन आवाज आला.

गोळी सुटली नाही. सगळे जागच्या जागी थांबले. तेवढ्यात माझा मावसभाऊ, चौथीतला पोरगा, पुढे झाला, त्याने ते उचललं आणि दोन्ही हातांनी पाहुण्यांना परत दिलं. पडलेला रुमाल द्यावा तसं. त्या दोन सेकंदांत नळीचं तोंड त्याच्या पोटाकडे होतं. मी तीन हातांवर उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

मावशी धावत आली तेव्हा पाहुणे हसून म्हणाले, “काई होत नाई बाई, लॉक हाये त्याले.”

रात्री अंगणात खाटेवर बसलो असताना फौजेतून निवृत्त झालेल्या एका मामाजींनी मला विचारलं, “तू मेकॅनिकलचा ना? सांग मंग, रिव्हॉल्वरले लॉक कोठी असते?” मला माहीत नव्हतं. मामाजी म्हणाले, “बहुतेक रिव्हॉल्वरले बाहेरून लावाचा खटकाच नसते. त्याले स्वतःलेच मालूम नाई का आपल्या कमरेले काय हाये.”

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात बसले. एक, असं उघड्यावर शस्त्र मिरवणं चालतं का? दोन, पडल्यावर गोळी का सुटली नाही, आणि सुटली असती तर का?

आधी कायदा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. मला वाटायचं, परवाना मिळाला म्हणजे माणूस शस्त्र कुठेही, कसंही नेऊ शकतो. तसं नाहीये. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली केलेल्या शस्त्र नियम, २०१६ मध्ये नियम ३२ याच विषयावर आहे. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची असेल तर ती अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. सार्वजनिक जागी शस्त्र परजणं किंवा झाडणं याला सक्त मनाई आहे. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे पाहुण्यांनी शर्ट वर केला तिथेच त्यांचा नियम मोडला, रिव्हॉल्वर पडायच्या आधीच.

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्चे-आंदोलनांच्या काळात मनाई आदेश निघतात, त्यातही शस्त्रं बाळगण्यावर बंदी असते. निवडणुकीत तर परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती), आणि लग्न-वरातीत बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अमेरिकेत वेगळं आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत कमरेला उघडं पिस्तूल लावून किराणा दुकानात जाता येतं. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना तशी मुभा मिळाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना त्यासाठी परवानाही लागत नाही. पण लक्षात घ्या, तिथेसुद्धा उघडं पिस्तूल होल्स्टरमध्येच हवं. नुसतं पट्ट्यात खोचलेलं चालत नाही.

आपल्याकडे हा विषय फार दूरचा आहे असं समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर त्या जिल्ह्यातले कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत बार काढणाऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ राज्यभर फिरले. लोकांनी विचारलं, एकाच जिल्ह्यात इतके परवाने दिले कुणी? मग प्रशासनाने फेरतपासणी केली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. उघडं शस्त्र कुणाचं रक्षण करतं ते माहीत नाही, पण बाकीच्यांना गप्प करतं हे नक्की. वरातीत मीही गप्पच होतो.

गोळी सुटते कशी?

आता आपल्या सिलॅबसकडे येऊ. काडतुसात चार वस्तू असतात: पितळी टोपण, पुढे शिशाची गोळी, मध्ये दारू आणि मागच्या तळाला छोटीशी टिकली, म्हणजे प्राइमर. प्राइमरवर ठोका बसला की ठिणगी पडते, दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. दारू म्हणजे काय हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला आणि कामगार गेले. जिथे सगळं नियमांनी चालतं तिथे हे होऊ शकतं, तर वरातीचं काय घेऊन बसलात!

तर सगळा खेळ त्या ठोक्याचा आहे. ठोका देणारी अणकुचीदार सळई म्हणजे फायरिंग पिन. तिला मागून हाणणारा तो घोडा, आणि बोटाने ओढायचा तो चाप. बोलताना आपण घोडा आणि चाप यांची सर्रास अदलाबदल करतो. चाप ओढला की घोडा सुटतो, घोडा पिनला मारतो, पिन प्राइमरला. डिझाइन करणाऱ्याचं काम दुहेरी आहे. चाप ओढला तर ठोका बसलाच पाहिजे, आणि चाप ओढला नाही तर काहीही झालं तरी बसता कामा नये. पहिलं सोपं आहे. दुसऱ्यासाठी शंभर वर्षांहून जास्त डोकेफोड झाली.

एक छोटं गणित

व्हायवात विचारलं तर उपयोगी पडेल म्हणून आकडेच घेऊ. कंबर १ मीटर उंचीवर. तिथून वस्तू पडली तर जमिनीला लागताना वेग √(२ × ९.८ × १), म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. सिमेंट रस्ता दबत नाही, म्हणून समजा ती १ मिलीमीटरमध्ये थांबली. मग सरासरी मंदन किती? पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, १००० मिमी भागिले १ मिमी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट!

आता पिस्तुलाचा चाप समजा ५ ग्रॅमचा आहे. पिस्तूल पाठीवर आपटलं, सांगाडा थांबला, पण चापाला न्यूटनचा पहिला नियम लागू. तो मागे जात राहू पाहतो. त्याच्यावरचा भासमान जोर ५ ग्रॅम गुणिले १०००, म्हणजे ५ किलो वजनाएवढा. आणि बऱ्याच पिस्तुलांचा चाप अडीच-तीन किलोच्या ओढीतच सुटतो. म्हणजे कुणीही बोट न लावता चाप ओढला जाऊ शकतो!

मग प्रत्येक वेळी गोळी का सुटत नाही? कारण हा जोर जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, आणि तेवढ्यात चापाने पुरेसं अंतर कापायला हवं. शिवाय पिस्तूल नेमक्या कोनात पडायला हवं. कुशीवर पडलं तर चाप मागे सरकायचा प्रश्नच येत नाही. शेणामातीच्या अंगणात पडलं आणि थांबायला १ सेंटीमीटर मिळाला, तर १००० पट ऐवजी १०० पट. म्हणजे तेच हत्यार मातीत नऊ वेळा पडून गप्प राहील आणि दहाव्या वेळी सिमेंटवर बोलेल. ‘अहो, आधीही पडलंय, काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

लॉक कुठे असतं?

जुन्या रिव्हॉल्वरचं दुखणं वेगळं होतं. त्यांत घोड्याचं टोक हीच पिन, आणि ती थेट प्राइमरला टेकून बसलेली. रिव्हॉल्वर घोड्यावर आपटलं की खिळ्यावर हातोडी बसावी तसा ठोका. म्हणून जुने जाणते लोक सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. हे पहिलं ‘लॉक’, आणि ते यंत्रात नव्हतं, माणसाच्या सवयीत होतं.

१९४४ मध्ये अमेरिकी युद्धनौकेवर एका खलाशाच्या हातून स्मिथ अँड वेसन कंपनीचं रिव्हॉल्वर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि तो मेला. त्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा अडवणारी पट्टी होती, तरी हे झालं. मग कंपनीने ती पट्टी नव्याने डिझाइन केली. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये ट्रान्सफर बार घातला. त्याची कल्पना फार सुंदर आहे. घोडा आणि पिन यांच्यात मुद्दाम फट ठेवायची, म्हणजे घोडा कितीही आपटला तरी पिनपर्यंत पोचतच नाही. चाप पूर्ण ओढला तरच एक पट्टी वर सरकून त्या फटीत येते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. पट्टी मोडली तर? रिव्हॉल्वर चालणार नाही, बस्स. बिघाड झाला तर सुरक्षित बाजूलाच व्हावा, यालाच आपण पुस्तकात फेल-सेफ म्हणतो आणि परीक्षेत दोन मार्कांना लिहून विसरून जातो.

पिस्तुलात वेगवेगळे उपाय आहेत. काहींना अंगठ्याने लावायचा खटका असतो. प्रसिद्ध १९११ पिस्तुलाला मुठीच्या मागे दाबपट्टी आहे. मूठ नीट धरली नाही तर चाप हलत नाही. त्यातल्या पिनला अडवणारा खुंटा कोल्टने १९८३ मध्ये घातला. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने १९८० च्या दशकात बाहेरचा खटकाच काढून टाकला आणि आत तीन अडथळे घातले. त्यातला एक चापावरच असतो, मधली बारीक जीभ. बोट समोरून नीट दाबेल तेव्हाच ती जीभ आत जाते. पिस्तूल आपटलं आणि चाप मागे जाऊ लागला, तरी जीभ त्याला अडवते. वरचं आपलं ५ किलोचं गणित आठवा, ही जीभ त्याचंच उत्तर आहे.

पास झालेलं पिस्तूल

एवढं सगळं समजल्यावरही नव्या पिस्तुलात चूक होतेच. सिग साउअर कंपनीचं पी-३२० हे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकांनी दाखवून दिलं की बाजारात विकलेलं हे पिस्तूल स्लाइडच्या मागच्या टोकावर एका ठराविक तिरक्या कोनात पडलं तर गोळी सुटू शकते. मजा अशी की नेहमीच्या चाचण्यांत ते पास होतं! अमेरिकेतली प्रचलित चाचणी म्हणजे ४ फुटांवरून, रबराच्या जाड चटईवर, ठरलेल्या सहा स्थितींत पाडून बघणं. पिस्तूल नापास झालं ते मधल्या कोनात, जो प्रश्नपत्रिकेत नव्हताच.

त्याच्या आतही पिन अडवणारा खुंटा होता, मग का चुकलं? कारण तो खुंटा चापानेच बाजूला होतो. आपटल्यावर जड चाप स्वतःच्या जडत्वाने मागे गेला की ठोकाही सुटणार आणि खुंटाही सरकणार. कागदावर दोन सुरक्षा, पण दोन्हींची दोरी एकाच हातात! कंपनीने मग चाप हलका केला, आतले काही भाग बदलले आणि विकलेल्या पिस्तुलांत तो बदल फुकट करून द्यायची तयारी दाखवली. पुढेही ‘चाप न ओढता गोळी सुटली’ असे बरेच दावे कोर्टात गेले. कंपनी ते नाकारत आली आहे. त्यांचा निवाडा करायची माझी पात्रता नाही. पण प्रोजेक्ट करताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: दोन सुरक्षा खरोखर दोन आहेत की एकीच्याच दोन सावल्या, हे विचारा.

आणि चांगलं डिझाइन असलं तरी हत्यार जुनं होतं, झिजतं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतल्या जुहूच्या घरी त्यांचंच परवाना असलेलं रिव्हॉल्वर ठेवताना हातातून पडलं आणि गोळी डाव्या पायात घुसली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. ऑपरेशन करून ती काढावी लागली. त्यांच्या जागी चौथीतलं पोरगं असतं तर गोळी पायात लागली नसती, पोटात लागली असती.

आपल्यासाठी

तुम्ही म्हणाल, होस्टेलच्या पोट्ट्यांना हे कशाला? मेसचं बिल भरताना मारामार, पिस्तूल कुठून आणणार? खरंय. पण आपल्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी चुलतभावाचा पिस्तूल दाखवणारा रील असतोच, आणि खाली ‘भाऊ’ लिहून आगीची चित्रं टाकणारे आपणच असतो. त्यातलं बरंचसं हत्यार गावठी कट्टा असतं. त्याला ना खुंटा, ना ट्रान्सफर बार, ना नळीची चाचणी. तो समोरच्यावर सुटेल की हातात फुटेल हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो कट्टा माकडाच्या हातातलं कोलीत आहे. वर विनापरवाना बंदूक जवळ सापडली तर किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद. मग कॅम्पस इंटरव्ह्यू विसरा.

मामाजींनी त्या रात्री सांगितलेल्या चार गोष्टी जशाच्या तशा देतो. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. नळीचं तोंड माणसाकडे कधी नाही. मारायचं नसेल तर बोट चापावर नाही. आणि हत्यार हातातून निसटलं तर झेलायला जायचं नाही, पडू द्यायचं. कारण झेलताना बोट कुठे जाईल? नेमकं चापावर. मी पाचवी जोडतो: दुसऱ्याचं पडलेलं हत्यार उचलायचं नाही, लेकरांना दूर न्यायचं आणि ज्याचं आहे त्याला उचलू द्यायचं.

सुट्टी संपवून होस्टेलला परतायच्या आदल्या दिवशी मी मावशीकडे गेलो आणि मावसभावाला अंगणात बसवून हे पाचही मुद्दे सांगितले. ट्रान्सफर बार समजवायला खिळा, हातोडी आणि मध्ये लाकडाचा तुकडा घेतला. त्याला ते फार आवडलं. मग त्याने विचारलं, “दादा, मंग त्या पाहुण्याच्या बंदुकीत हा तुकडा होता का?”

मी म्हटलं, “माहीत नाही रे.”

तो म्हणाला, “त्यालेबी मालूम नव्हतं?”

“त्यालाही नव्हतं.”

त्याने हातोडी खाली ठेवली. पुढच्या वरातीत तो मागे उभा राहील अशी मला आशा आहे. आणि तेव्हा मी गप्प राहणार नाही, एवढं मी स्वतःला बजावलंय. पाहुणे रागावले तर रागावोत.